आधी घाव की आधी दृष्टांत? : बहिणाबाईच्या आत्मनिवेदनातील मार, मूर्च्छा आणि स्वप्न

भोर तालुक्यातील आंबवडे येथे नागेश्वराच्या परिसरात कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. जिवा महालाचे नाव मराठीत एका म्हणीने टिकवले : 'होता जिवा म्हणून वाचला शिवा'. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा पट्टा शिवाजी महाराजांवर उगारला गेला आणि तो हात जिवाने तोडला, एवढाच क्षण या म्हणीत साठवलेला आहे. युद्धेतिहासात या क्षणाचे महत्त्व उघड आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या आगेमागे काय ठेवले गेले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. देहावर, विशेषतः मस्तकावर, येणारा घाव आणि त्याच्या संदर्भात सांगितले जाणारे स्वप्न किंवा दर्शन यांचा क्रम सतराव्या शतकातील मराठी लेखन कसा लावते? कोणत्या घावामागून स्वप्न येते आणि कोणत्या स्वप्नामागून घाव? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. आणि त्याचे खरे क्षेत्र बखर नसून संत बहिणाबाईचे आत्मनिवेदन आहे. बखरीकडे प्रथम वळायचे ते केवळ तुलनेच्या सोयीसाठी.

कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९४ साली जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध केली. तीत अफजलखानाच्या भेटीपूर्वी तुळजापूरची भवानी महाराजांना दर्शन देते, यशाचे अभय देते, आणि जागे झाल्यावर महाराज ही गोष्ट जवळच्या माणसांना सांगतात. पुढे भेटीच्या प्रसंगी खान महाराजांचे मस्तक कवटाळून काखेत धरतो आणि कुशीत जमदाड चालवतो. अंगातील चिलखतामुळे ते वाया जाते. मस्तक सापडले, सुटले, आणि कथन लगेच पुढच्या कृतीकडे गेले. मस्तक आवळले गेल्याने डोळ्यांपुढे काय झाले, कानांत काय घुमले, त्या रात्री झोप कशी लागली, हे बखरकाराच्या प्रश्नपत्रिकेतच नाही. दर्शन आधी होऊन गेलेले आहे. घावाने त्यात भर घालायची नाही, त्याची सत्यता तेवढी पटवायची आहे. आंबवड्याजवळच्या कारी गावच्या जेध्यांच्या दप्तरातून आलेली, टिळकांनी प्रसिद्धीस आणलेली शकावली तर याहून कोरडी. तीत साल, मास, तिथी आणि घटना येते. स्वप्नाला रकानाच नाही.

बखरीत स्वप्न नोंदले जाते ते घाव यशस्वी झाला म्हणून. खान जिंकला असता तर भवानीच्या दर्शनाची हकीकत सांगायला कोणी उरले नसते. बहिणाबाईच्या ठिकाणी हे नाते नेमके उलटते, असे मला वाटते. तिच्या निवेदनात घाव नोंदला जातो तो पुढे स्वप्न पडले म्हणून.

बहिणाबाई (१६२८–१७००) शिवाजी महाराजांच्याच पिढीतली. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरींशी तिचा गोंधळ आजही होतो, म्हणून हे कंसातले स्मरण.) वेरुळाजवळच्या देवगावात कुलकर्ण्यांच्या घरी जन्म, बालवयातच शिऊरच्या पाठक घराण्यातील तिशीच्या बिजवराशी विवाह, भाऊबंदकीच्या तंट्यातून सर्व कुटुंबाचे परागंदा होणे, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असा प्रवास, आणि अखेर कोल्हापूर. हा सारा वृत्तांत तिच्या अभंगांतूनच आपल्याला मिळतो. अभंगरूपाने लिहिलेले आत्मचरित्र या नात्याने जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ साली त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हापासून त्याच्याकडे देशाबाहेरच्या अभ्यासकांचेही लक्ष गेले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ साली पत्नी आणि संत या दोन भूमिकांतील ताणाच्या दृष्टीने त्याचा विचार केला. हा ताण तिथे आहेच. पण तो ताण ज्या एका रात्री देहावर उतरतो त्या रात्रीचा तपशील या चर्चांमध्ये पार्श्वभूमीसारखा राहून जातो.

तो तपशील असा. कोल्हापुरात हे कुटुंब हिरंभट नावाच्या वेदपाठी ब्राह्मणाच्या ओसरीवर उतरले. हिरंभटाला सवत्स कपिला गाय दान मिळाली होती. त्याला स्वप्नात आज्ञा झाली की गाय ओसरीवरच्या पाहुण्याला द्यावी, आणि त्याने ती दिली. वासराला अकरा वर्षांच्या आसपासच्या बहिणेचा लळा लागला. ती जाईल तिथे ते जाऊ लागले, अगदी जयरामस्वामींच्या कीर्तनालाही. एकदा गर्दीमुळे वासरू बाहेर काढले गेले. ते हंबरू लागले, मुलगी रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांच्या मस्तकावरून हात फिरवला. ही बातमी नवऱ्याच्या कानावर गेली. तो घरी आला, त्याने तिची वेणी धरली आणि तिला मनसोक्त मारले; मग तिची मोट बांधून टाकली. गाईने आणि वासराने चारापाणी सोडले. काही दिवसांनी वासरू मेले. मुक्याला वाचा देणाऱ्या ईश्वरी कृपेचा जो प्रसिद्ध संस्कृत श्लोक आहे त्याचा उत्तरार्ध मरताना त्याच्या तोंडून ऐकू आला, असे निवेदन सांगते. वासराच्या मृत्यूनंतर बहिणा निश्चेष्ट पडली. चौथ्या दिवशी मध्यरात्री एक ब्राह्मण दिसला आणि त्याने तिला सावध हो म्हणून सांगितले. तिने डोळे उघडले. मग तिला तुकोबांचा ध्यास लागला. त्यांना तिने पाहिलेले नव्हते. जयरामस्वामींच्या कीर्तनातून त्यांची पदे तेवढी कानी पडली होती. आणि कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकोबा स्वप्नात आले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि हाती मंत्रगीता दिली.

या निवेदनात मस्तक तीनदा येते. एकदा स्वामींचा हात त्यावरून फिरतो, एकदा नवऱ्याचा हात वेणीला घालून ते ओढतो, आणि तिसऱ्यांदा स्वप्नातले तुकोबा त्यावर हात ठेवतात. पहिल्या स्पर्शाची शिक्षा म्हणून दुसरा, आणि दुसऱ्याची भरपाई म्हणून तिसरा. डोक्याला जखम झाली असे बहिणाबाई कुठे म्हणत नाही आणि आपणही म्हणू नये. पण ज्या देहभागावर सत्ता गाजवली गेली तोच देहभाग स्वप्नात अभयाचे स्थान व्हावा, हा योगायोग मानणे मला कठीण जाते. नवरा ज्या गोष्टीसाठी मारतो, परक्या पुरुषाचा हात बायकोच्या डोक्याला लागला यासाठी, नेमकी तीच गोष्ट स्वप्नात पुन्हा घडते. आणि यावेळी तिथे कोणाचाही शिरकाव होऊ शकत नाही.

इथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. मस्तकावर हात, कानात मंत्र, स्वप्नातला गुरू आणि तिथिवाराची नोंद ही सर्व सामग्री बहिणेची स्वतःची नाही. तुकोबांनी आपल्या बाबाजी चैतन्यांच्या स्वप्नोपदेशाचे जे वर्णन केले आहे त्यात ती जशीच्या तशी आहे : माघ शुद्ध दशमी, गुरुवार, मस्तकी ठेवलेला हात, 'रामकृष्णहरी' हा मंत्र. तेव्हा बहिणेचे स्वप्न हा एका संप्रदायाचा संकेत आहे, अनुभव नव्हे, असे कोणी म्हणेल. पदव्युत्तर वर्गात हा भाग शिकवताना 'तिला ते स्वप्न खरोखर पडले का?' हा प्रश्न हमखास येतो, तोही याच संशयातून. परंतु संकेत आणि अनुभव ही अशी परस्परांना छेद देणारी दोन टोके आहेत काय? तुकोबांच्या स्वप्नात गुरू भोजनासाठी पावशेर तूप मागतात आणि स्वप्नातच शिष्याला त्याचा विसर पडतो. हा लहानसा, काहीसा ओशाळा तपशील कोणत्याही संकेतातून येत नाही. तसेच बहिणेच्या बाबतीत स्वप्नाआधीचे वासरू, बांधलेली मोट आणि चौथी रात्र कोणत्याही संकेतातून येत नाही. संकेताने तिला साचा दिला. साच्यात जे ओतले गेले ते तिच्या अंगणातले होते.

देहपीडेनंतर संवेदना आणि स्वप्ने बदलतात, याचे भान आपल्या वैद्यकपरंपरेला नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात शिर, हृदय आणि बस्ती या तीन महामर्मांचा विचार आहे. शिराला आघात झाल्यास उद्भवणाऱ्या लक्षणांत दृष्टीचा विभ्रम, मोह, चेष्टानाश यांबरोबर मूकत्व आणि बोलण्यातील गद्गदता यांचीही गणना आहे. त्या यादीत स्वप्न नाही. स्वप्नाचा विचार त्याच ग्रंथाच्या इंद्रियस्थानात येतो आणि तिथे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पैकी पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत, असा निर्णय आहे. बहिणेचे स्वप्न या वर्गीकरणात कुठे बसते हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. ज्याची पदे ऐकली आणि ज्याच्या भेटीची आस धरली त्याचे स्वप्न ते श्रुत आणि प्रार्थित, म्हणजे निष्फळ. वेदान्तातही जागृतीच्या तुलनेत स्वप्नाचे प्रामाण्य उणेच. वारकरी संतांनी या दोन्ही निर्णयांना न जुमानता ऐकीव आणि मागितलेल्या स्वप्नालाच दीक्षेचा दर्जा दिला. ज्या मुलीला जागेपणी गुरूकडे जायची मुभा नाही, तिच्या बाबतीत हा दर्जा किती दूरगामी ठरतो!

आधुनिक मज्जाविज्ञानाने या प्रश्नात बरीच भर घातली आहे, तिची दखल घेणे अवश्य आहे. शार्को यांनी १८८३ साली पॅरिसमध्ये अशा एका सुशिक्षित गृहस्थाचे वर्णन केले की ज्याची मनात चित्र उभे करण्याची शक्तीच अचानक लोपली होती. त्याला स्वप्ने पडत, पण त्यांत दृश्य नसे, नुसते शब्द असत. १८८७ साली विल्ब्रांड यांनी आणखी एक रुग्ण नोंदला, आणि पुढे या लक्षणसमूहाला दोघांचे मिळून नाव पडले. मार्क सोल्म्स यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साडेतीनशेहून अधिक व्यक्तींची तपासणी करून दाखवले की मेंदूच्या मागच्या बाजूचे खंड जिथे एकत्र येतात तिथे, किंवा पुढच्या खंडातील खोल तंतुजालात इजा झाल्यास स्वप्न पडणेच थांबू शकते. उलट पुढच्या खंडाच्या आतील भागातील काही इजांनंतर स्वप्न आणि जागृती यांमधली सीमा पुसट होते, आणि दिवसाही स्वप्न चालू असल्याचा भास होतो.

या ज्ञानाचा उपयोग बहिणेवर निदान चिकटवण्यासाठी करणे हा पोरकटपणा होईल. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अभंगांतून मेंदूची प्रतिमा काढता येत नाही. शिवाय हे अभंग घटनेनंतर कित्येक वर्षांनी, प्रौढ स्मरणातून रचलेले आहेत. आणि त्याच बहिणेने जातिब्राह्मण्याची तर्ककठोर चिकित्सा करणारी 'वज्रसूची' मराठी अभंगांत उतरवली आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे भ्रमिष्टपणाचा शिक्का मारण्याची घाई कमी होते. तरीही या निरीक्षणांमुळे संहितेला विचारण्याजोगे काही नेमके प्रश्न हाती येतात. स्वप्न आणि जाग यांची सीमा इथे पुसली जाते का? उत्तर स्पष्ट आहे : नाही. बहिणा आपले स्वप्न स्वप्न म्हणूनच सांगते. चौथ्या रात्रीचा ब्राह्मण तर तिला जागेच करतो. झोपेतून जागेत ढकलणारी ही मूर्ती आहे, जागेतून झोपेत ओढणारी नव्हे. दुसरा प्रश्न : मारहाण सोसलेल्या माणसाला तीच मारहाण स्वप्नात पुनःपुन्हा दिसते, हे आता सर्वपरिचित आहे, तशी स्वप्ने इथे आहेत का? ज्या स्वप्नांचे ती निवेदन करते त्यांत नवरा येत नाही. येतो तो हात. तिसरा प्रश्न दृश्य आणि श्रुती यांचा. शार्कोंच्या रुग्णाची चित्रे जाऊन शब्द उरले होते; बहिणेजवळ आधी केवळ शब्द होते आणि मार, उपवास, मूर्च्छा यांच्यानंतर त्या शब्दांना चेहरा आला. न पाहिलेल्या माणसाचा चेहरा. पुढे देहूला पोचल्यावर आरतीच्या वेळी प्रत्यक्ष तुकोबा दिसले ते स्वप्नात पाहिले तसेच, असे ती आवर्जून सांगते.

आता हिरंभटाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण या कथेतील पहिले स्वप्न त्याचे आहे. गृहस्थ झोपला, स्वप्नात आज्ञा झाली, सकाळी उठून त्याने ती पाळली. ना मार, ना मूर्च्छा. आणि त्याच्या स्वप्नावर कोणी शंकाही घेतली नाही. गोदान झाले. भवानीचे दर्शनही असेच, जवळच्या मंडळीत सांगताक्षणी मान्य होणारे. बहिणेने स्वप्न सांगितल्यावर मात्र तिला वेड लागले की काय, अशी कुजबुज झाली, आणि शूद्र गुरूचा उपदेश ब्राह्मणाच्या बायकोने स्वप्नातून घ्यावा याचा संताप येऊन नवरा तिला सोडून जाण्याची भाषा बोलू लागला. एकाच घराच्या ओसरीवर आणि माजघरात स्वप्नाची किंमत वेगळी होती. पुढे नवरा आजारी पडला, पालटला, आणि सगळे देहूला गेले. तिथे मंबाजीचा जाच वाट्याला आला तो आला. पण तो वेगळा विषय.

या पार्श्वभूमीवर तिथिवाराची नोंद नव्याने पाहण्यासारखी आहे. मास, तिथी आणि वार हे शकावलीचे चलन. जन्म, मृत्यू, लढाई, गड घेणे वा देणे अशा सार्वजनिक मानल्या गेलेल्या घटनांसाठी ते खर्च व्हायचे. तुकोबांनी ते स्वप्नासाठी वापरले, आणि बहिणेने त्यांच्याकडून घेऊन आपल्या स्वप्नासाठी. पण त्या स्वप्नाच्या दोरीला बांधून तिने आणखी एक गोष्ट त्या चलनाच्या कक्षेत ओढली. कार्तिक वद्य पंचमीच्या अलीकडे चौथी रात्र, तिच्या अलीकडे वासराचा मृत्यू, त्याच्या अलीकडे बांधलेली मोट आणि धरलेली वेणी. एका अल्पवयीन पत्नीला कोल्हापुरातल्या एका घरात कसे मारले गेले, हे सतराव्या शतकातील कोणत्या महजरात, कोणत्या निवाडापत्रात, कोणत्या शकावलीत आले असते? नवऱ्याने बायकोला मारले ही तेव्हा घटनाच नव्हती. पतीच्या विरुद्ध तक्रार करणे तिच्या स्वतःच्या धर्मकल्पनेतही बसणारे नव्हते. पातिव्रत्याचा पुरस्कार करणारे अभंग तिच्याच गाथेत आहेत. गुरुकृपेची कथा सांगायची म्हटली की मात्र तिच्या आधीचे सर्व सांगावे लागते, आणि ते सांगताना दोष कोणाला द्यावा लागत नाही. मार हा कृपेचा पूर्वरंग म्हणून आत आला. एरवी त्याला दारातूनच परत जावे लागले असते.

आपली समीक्षा या ठिकाणी दोन प्रकारे चुकते, असे माझे मत आहे. भाविक वाचक मारहाणीला निमित्त समजतो : देवाने परीक्षा पाहिली, साक्षात्कार झाला, विषय संपला. सुधारक वाचक स्वप्नाला निमित्त समजतो : छळ खरा, स्वप्न म्हणजे छळातून मनाने काढलेली पळवाट. रा. द. रानडे यांनी १९३३ साली महाराष्ट्रातील गूढवादाचा जो भव्य आलेख मांडला त्यामुळे संतांच्या दर्शनांकडे अनुभव म्हणून गांभीर्याने पाहण्याची वाट खुली झाली. पण अनुभव घेणाऱ्या देहाला त्यापूर्वी काय झाले, हे विचारण्याची सवय त्या वाटेवर लागली नाही. सुधारकी वाचन देहाचा प्रश्न विचारते आणि दर्शनाचा सोडून देते. दोघांनाही संहितेतला क्रम गैरसोयीचा होतो. बहिणा मात्र क्रमाबाबत काटेकोर आहे. वासरू, वेणी, मोट, मृत्यू, मूर्च्छा, ब्राह्मण, ध्यास, तुकोबा : यांतला एकही दुवा ती वगळत नाही. गुरुकृपेचा महिमा गाण्यासाठी एवढ्या दुव्यांची गरज नव्हती. तुकोबांनी आपल्या स्वप्नाआधीचा दुष्काळ आणि घरातले मृत्यू वेगळ्या अभंगांत सांगितले, स्वप्नाच्या अभंगाला ते बांधले नाहीत, बहिणेने बांधले.

मरणसमयी पुत्र विठोबाला तिने आपले पूर्वीचे बारा जन्म सांगितले, आणि चालू जन्म तेरावा. या जन्मकथा आजच्या वाचकाला अवघड वाटतात आणि बहुतेक अभ्यासक त्या ओलांडून पुढे जातात. कोल्हापुरात नवऱ्याची समजूत घालताना जयरामस्वामींनी मुलगी आणि वासरू यांचा संबंध पूर्वजन्मीच्या अपुऱ्या राहिलेल्या साधनेचा म्हणून सांगितला होता. तेव्हा ती बांधलेली होती आणि तिच्याविषयी दोन पुरुष बोलत होते. बारा जन्मांची कथा सांगताना तोच विषय तिच्या स्वतःच्या तोंडी आलेला आहे, आणि ऐकायला मुलगा समोर बसला आहे.